करमाळ्याचा माल दाराशी

इथले अनुभव मी रोज वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात हसतो. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला सवडच नाही... सोलापुरातल्या एका डिस्ट्रिब्युटरचा टेम्पो चालवतो मी. मार्केट यार्डाच्या मागच्या गोडाऊनमधून साबण, चहा, बिस्किटं घ्यायची, आधी बार्शी, मग करमाळा आणि टेंभुर्णीवरून घरी. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्यात एक साधा नियम आहे. जो माल शेवटी उतरवायचा तो आधी भरायचा, म्हणजे तो आत जातो. त्या सकाळी नाश्ता करून आलो, टेम्पोचं दार उघडलं आणि बघतो तर काय... करमाळ्याचा माल दाराशी, बार्शीचा पार आत. डोकंच फिरलं. माल भरणारा सिद्राम नवीनच लागलेला, मैंदर्गीकडचा.

"अक्कल गहाण ठेवलीस काय रे?" मी त्याच्यावर ओरडलो.

"तुमच्याच माणसानं उभं राहून भरून घेतलं की," तो म्हणाला. "करमाळ्याचं दाराशी ठेव, आज तितं आदी जायचंय म्हणला."

असा कुणी माणूस आमच्याकडं नाही. पण सगळं उतरवून पुन्हा भरायचं म्हणजे दुपारच झाली असती. शिव्या घालत उलटा निघालो, टेंभुर्णीवरून थेट करमाळ्याला.

तिथं शांताकाकूंचं किराणा दुकान आहे. काका त्याच्या आदल्या वर्षी गेले, तेव्हापासून काकू एकट्याच दुकान बघतात. शटर अर्धं उघडं, हाक मारली तर ओ नाही. वाकून आत गेलो... काकू काउंटरमागं जमिनीवर पडलेल्या, अंग घामानं भिजलेलं. शेजारच्या दुकानदाराला बोलावलं, काकूंना उचलून टेम्पोत घातलं आणि दवाखाना गाठला. शुगर एकदम खाली गेली होती. नेहमीसारखा बार्शी करून संध्याकाळी पोचलो असतो तर काकू हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले.

काकू शुद्धीवर आल्यावर मी दुकानावर परत येऊन माल उतरवायला घेतला. साबणाचे बॉक्स एका कडेला, चहाचे पार दुसऱ्या कडेला, मधे बिस्किटं. आम्ही घाईत सगळं एकावर एक टाकतो हो... असं फक्त काका भरून घ्यायचे. स्वतः गोडाऊनला यायचे आणि चहाला साबणाचा वास लागतो म्हणून आमच्याशी भांडायचे.

तिथूनच सिद्रामला फोन लावला. तो माणूस दिसायला कसा होता रे?

"वयस्कर हुता, पण धडधाकट. बॉक्स उचलू लागला की मला. चहा लांब ठेव, तिला वासाचा चहा चालत न्हाय म्हणला."

मी तिथं पायरीवर बसूनच राहिलो. सिद्रामनं काकांना जन्मात बघितलेलं नाही. गेटवरच्या वॉचमनला नंतर विचारलं, त्यानं सकाळपासून बाहेरच्या कुणाला आत सोडलंच नव्हतं. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मला तरी आजवर उलगडा झालेला नाही.

पुढच्या फेरीला काकूंना सगळं सांगितलं. घाबरतील असं वाटलं होतं. शेवटी शेवटी काका आजारानं पार वाळले होते, पाण्याचा पेलासुद्धा उचलवत नव्हता त्यांना. काकूच पाजायच्या.

काकूंनी एवढंच विचारलं, "बॉक्स सोता उचलत हुते?"

"व्हय काकू."

त्यांनी डोळे पुसले. "मंग बरे झालेत की ओ ते."