होडीकाकूंचा निरोप

पहिल्यांदा मला दिसले ते फक्त त्यांचे पाय. वर उलटी केलेली पंधरा-सोळा फुटी होडी आणि तिच्याखाली पोटरीपर्यंत दुमडलेल्या पँटमधले दोन काटकुळे पाय, दगडांवरून तुरुतुरु चाललेले. मी नवऱ्याला, सुधीरला म्हटलं, "अरे, ती होडी चालतेय!" तर होडीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज आला, "चालतेय ना? मग वाटेतनं बाजूला हो की!" एकसष्ट वर्षांची, जेमतेम पाच फूट उंचीची मराठी बाई मानेमागे जुन्या पातळाची चुंबळ ठेवून एकटी होडी वाहून नेत होती. मी पुण्याची, आमच्याकडे कशाचं नवल वाटलं तरी दाखवायचं नाही अशी रीत. पण माझा आ वासला तो वासलाच. त्यांच्या सहवासात मी हादरले नाही असा एक दिवस मला आठवत नाही.

त्यांचं खरं नाव महाराष्ट्र मंडळाच्या यादीत असेल, पण मिनिआपोलिसमध्ये त्या सगळ्यांच्या होडीकाकू. लग्न होऊन सत्तरच्या दशकात आलेल्या, इस्पितळाच्या लॅबमध्ये जन्मभर नोकरी केलेल्या. होडीचं वेड मुळात यजमानांचं. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता काकू भजनं करतील. काकू म्हणाल्या, "हे गेले, होडी राहिली. ती काय गॅरेजमध्ये कुजवू?" आणि दर सप्टेंबरात भारतातून नव्याने आलेल्या दोघा-चौघांना धरून त्या उत्तरेला बाउंडरी वॉटर्समध्ये नेऊ लागल्या. कॅनडाच्या सीमेलगतचं ते रान. शेकडो तळी, रस्ता नाही, मोटारबोट नाही, फोन लागत नाही. एक तळं संपलं की होडी खांद्यावर घ्यायची, झाडीतून पलीकडच्या तळ्यापर्यंत चालायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायची. २००३ साली आमचा नंबर लागला. सुधीर नव्या नोकरीत, मी डिपेंडंट व्हिसावर घरात बसून वैतागलेली. ट्रिप म्हटल्यावर मी आपली नवी सँडल्स घेऊन तयार.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझी बॅग उपसली. उशीच्या अभ्र्यात मी लसणाची चटणी लपवली होती. त्यांनी नुसता वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अगं भवाने, ही घेऊन तंबूत झोपणार होतीस? अस्वलाला तोंडी लावणं लागतं, असं कुणी सांगितलं तुला?" चटणी, भाजणी, चहा-साखर, इतकंच काय माझी टूथपेस्टसुद्धा एका पिशवीत गेली आणि पिशवी दोरीने झाडावर पंधरा फूट उंच टांगली गेली. टूथपेस्ट! मी रात्रभर सुधीरला विचारत होते, अस्वलं दात घासतात का.

शौचालयाचं तर काय सांगू. "त्या पायवाटेने सरळ जा," म्हणाल्या. गेले, तर झाडीत उघड्यावर एक खोकं आणि त्याला भोक. भिंती नाहीत, दार नाही, छप्पर नाही! मी तशीच परत. "काकू, तिथे आडोसा नाहीये." त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "बघायला कोण बसलंय? आला तर एखादा मूस येईल, घोड्याएवढं सांबर. त्याला काही पडलेली नाही." माझी हसावं का रडावं अशी गत. तिसऱ्या दिवशी मात्र मी तिथे बसून सूर्योदय बघत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या स्वतः पहाटे बर्फासारख्या पाण्यात बुडी मारून येत आणि वर आम्हाला ओरडत, "उठा रे! पाणी वाट बघत नाही." वारा सुटायच्या आत तळं पार करायचं हा त्यांचा धर्म. माणूस बोलायला लागला की म्हणत, "आधी वल्हं मार, मग तोंड मार." हे ऐकून सुधीर इतका खूष व्हायचा, की ऑफिसच्या लोकांना ते इंग्रजीत कसं सांगता येईल याचा विचार करत बसायचा.

चौथ्या दिवशी सकाळी तोच सुधीर पाणी भरायला खाली गेला आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरला. आवाज मी ऐकला. सुकं लाकूड मोडल्यासारखा. घोट्याच्या वर पाय भलत्याच कोनात वळला होता आणि माझा नवरा, जो इंजेक्शनलाही ओरडतो, तो एक अक्षर बोलत नव्हता. काकूंनी चुंबळीच्या पातळाच्या पट्ट्या फाडल्या, दोन फळकुटं लावून पाय बांधला आणि मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "नीट ऐक. समोरच्या काठावर, त्या टेकाडामागे, दुसरा मुक्कामाचा तळ आहे. तिथे माणसं असली तर त्यांना घेऊन लगेच परत फिरते. मग तंबू आवरून, ह्याला काठाला आणून तयार राहायचं. कुणी नसलं तर मला तशीच रस्त्यापर्यंत जावं लागेल, म्हणजे उद्या दुपार उजाडेल. मग तंबूतून हलायचं नाही, ह्याला उबेत ठेवायचं. काय ते तिथनं ओरडून सांगते."

पाणी तेव्हा अगदी स्थिर होतं. त्या वल्हवत पलीकडे गेल्या, टेकाडामागे जाऊन दहा मिनिटांनी पुन्हा त्या काठावर आल्या. हात उंच केला. आवाज इतका स्वच्छ आला, की शेजारच्या खोलीतून यावा.

"येतेऽऽ गं!"

येते म्हणाल्या! मला रडूच फुटलं. माणसं सापडली! होडी टेकाडाच्या कडेने वळली ती त्यांना आणायलाच. मी तंबू उतरवला, शेकोटीवर पाणी ओतलं, झोपायच्या पिशव्या गुंडाळून बांधल्या आणि सुधीरला ओढत ओढत काठावरच्या खडकावर आणलं. "आल्याच हं काकू," मी त्याला म्हणत होते. अर्धा तास झाला. म्हटलं, आवराआवर करत असतील. तास झाला. मग वारा सुटला, तळ्यावर लाटा उठल्या. म्हटलं, वारा पडायची वाट बघत असतील. मग पाऊस. आत्ता येतील, आत्ता येतील, असं करत मी दुपार काढली. तंबू पुन्हा लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. लावायला घेतला आणि त्या आल्या तर?

सुधीर आधी कुडकुडत होता. मग कुडकुडायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय. त्याने माझ्याकडे पाहून हसून विचारलं, "आई, दप्तर कुठंय?" मी गारठले. ज्या माणसाशी सहा महिन्यांपूर्वी लग्न केलं होतं तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून मला ओळखत नव्हता. तेव्हा कुठे मी तंबूला हात घातला. ओला तंबू, लाकडासारखी झालेली बोटं. पिशव्यांपैकी एक आतून कोरडी निघाली, तिच्यात त्याला कोंबलं आणि मीही शिरले. पुढचे तास मी कोणाला सांगितलेले नाहीत, इथेही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. बचावपथकाचे चौघे, स्ट्रेचर, दोन होड्या. अगदी म्हणाल्या होत्या त्या वेळेला. आणि मी, जन्मात मोठ्यांना उलट न बोललेली, त्यांच्या अंगावर धावून गेले. "कुठे मेली होतीस म्हातारे? टाकून गेलीस आम्हाला! येते म्हणालीस ना? येते म्हणालीस!" गोरी माणसं वल्ही हातात घेऊन बघत राहिली.

काकूंना काही कळेना. "अगं, पण निघताना येते म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांनी विझवलेली शेकोटी पाहिली, गुंडाळून बांधलेलं सामान पाहिलं. सोळा तास वल्हं मारून न दमलेली ती बाई मटकन खाली बसली.

तळावर कोणी नव्हतं. त्या रस्त्याकडे निघाल्या होत्या आणि निघताना 'जाते' कसं म्हणायचं? नवरा जखमी पडलेल्या नव्या नवरीला तर नाहीच नाही. आजीने, आईने घोकून घेतलेलं तोंडात आलं, ते म्हणून मोकळ्या झाल्या. मीही तेच घोकलेली, पण मला हवं ते ऐकलं मी. जगात दुसऱ्या कुणाची अशी चूक झाली असती का? सुधीर आणखी दोन तास भिजला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

पायात सळई घालून सुधीर चालू लागला. मला मात्र काकूंच्या घरी जायचं धाडस होईना. 'म्हातारे' म्हणाले होते ना! त्याच आल्या, पुरणपोळ्या घेऊन. माफीचा विषय काढला तर "वरण-भात लाव कुकरला" म्हणून उडवून लावला. आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "बरंय, जाते." माझ्या सासूबाई तेव्हा आलेल्या होत्या. त्यांनी काकूंचा हात धरला, परत आत आणलं, बसवून पाणी पाजलं. काकू मुकाट्याने पाणी प्यायल्या, उठल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "जाते." पुढे मंडळात, हळदीकुंकवाला, कुठेही त्यांनी निघताना दुसरा शब्द वापरला नाही. बायका चरकायच्या. रानात नेलेल्या मुलांनाही त्या पहिल्या दिवशी दटावत, "जाणाऱ्याने जातो म्हणायचं. अशुभ झालं तर मी बघून घेईन."

२००६ मध्ये सुधीरच्या नोकरीपायी आम्ही चँडलरला आलो, वाळवंटात. काकू फोनवर हसायच्या, "होडी कशात घालतेस, स्विमिंग पुलात?"

त्या गेल्या २००८ च्या मार्चमध्ये. हृदयाचं ऑपरेशन होतं, त्यातून उठल्या नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं बोललो, सुधीरच्या पायाची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "चल, जाते गं."

मी ओरडलेच, "काकू! आज तरी असं म्हणू नका! एकदा येते म्हणा. माझ्यासाठी."

"नाही गं बाळ," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझ्या शब्दावर तू भिजत बसलीस. आता नको बसूस."

फोन ठेवला. सुधीर स्वयंपाकघरातून लंगडत बाहेर आला. "काय म्हणाल्या काकू?"

मी म्हटलं, "येते म्हणाल्या."