गिऱ्हाइकाचं तेल, घरचं तेल

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जनावरांच्या मैदानाकडून भाजीच्या रांगेकडं वळलं की पहिला गाडा लागायचा गीताबाईचा. कांद्याची भजी, बटाट्याची भजी, आणि सोबत तळलेली मिरची. कुणी उपासाचं काही आहे का विचारलं तर म्हणायची, "उपास करायचा तर बाजारात कशाला आलास, बाबा?" आणि तो बाबा हसत हसत भजी घेऊन जायचा, उपास मोडून.

त्या गाड्याची एक रीत होती. सकाळी गॅस पेटवायच्या आधी गीताबाई तेलाचा नवा पुडा वर धरायची, चार माणसांना दिसेल असा. मग कात्रीनं कापायची आणि सगळ्यांच्या देखत कढईत ओतायची. नवी माणसं बघत राहायची. जुन्यांना माहीत होतं.

गाडा नवा होता तेव्हा लोक यायचे, वास घ्यायचे, भाव विचारायचे आणि मग "तू कुठल्या आळीची गं?" असं विचारून पुढं जायचे. गीताबाई बौद्ध आळीतली. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. बोलायचं ते तेलावर बोलायचे. "तेल कसलं वापरती कुनास ठावूक." तिनं ते ऐकलं. भांडली नाही. पुढच्या शनिवारपासून पुडा वर धरून कापायला लागली. कुणाला बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही, असं तिनं मनाशी धरलं, आणि तिची तेलाची सचोटी हळूहळू पंचक्रोशीत माहीत झाली. पारनेरकडचे मेंढरंवाले तिची भजी बांधून न्यायचे. "गीताबाईचं तेल कोरं," म्हणायचे. आळी कुणी विचारेनासं झालं.

आता कढईत संध्याकाळी उरायचं त्याचं काय? दुसऱ्या शनिवारी ते गिऱ्हाइकाला वापरायचं नाही, हा तिचा नेम. मग फेकायचं? तेल म्हणजे काय धुण्याचं पाणी आहे? ती ते गाळून किटलीत भरायची आणि घरी न्यायची. आठवडाभर घरात तेच. कालवणाला तेच, भाजीला तेच, सणाला पुऱ्या लाटल्या तर त्याही त्यातच. किटलीत जुन्यावर नवं पडत जायचं. तळ कधी कुणी बघितला नाही.

तिचा नवरा रंगनाथ साखर कारखान्यात हंगामी कामगार होता. काटकुळा माणूस, मिशा तेवढ्या दांडग्या. त्याला त्या तेलाची अशी चव लागली होती की कालवणावर काळपट तवंग आला नाही तर ताट पुढं ढकलायचा. "ह्या कालवणाला आज डोळं न्हाईत, गीते. आंधळं हाय." मग ती किटली वाकडी करायची, आणि तो भाकरी चुरून, पंजा बुडवून जेवायचा. त्याचं जेवण बघून तिचं निम्मं पोट भरायचं. संसार म्हणजे आणखी काय असतं?

कारखान्याचं काम सुटल्यावर रंगनाथ गाड्यावर कांदा चिरायला बसायला लागला. एका शनिवारी कांद्याचं पोतं उचलताना तो तिथंच खाली बसला. म्हणाला, "छातीवर कुनीतरी गुडघा ठिवलाय बघ." बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला बिभीषणचा वड्याभज्यांचा गाडा. त्याची कढई म्हणजे डांबराची. तेल तो कधी बदलत नव्हता, नुसती भर घालायचा. पण त्या दिवशी पहिला धावून आला तोच. स्वतःच्या टेम्पोत घालून त्यानं रंगनाथला नगरला पोचवलं.

नगरच्या दवाखान्यात हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. रंगनाथ वाचला. लेक सीमा नगरलाच दिलेली, ती धावत आली. जरा स्थिरस्थावर झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी गीताबाईला समोर बसवलं. तरुण पोरगी, पण बोलायला मायाळू.

"मावशी, घरात तेल कुठलं वापरता?"

गीताबाईची मान ताठ झाली. "माझा भज्यांचा गाडा हाय, मॅडम. दर बाजाराला नवा पुडा. कुनालाबी इचारा."

"मग उरलेल्या तेलाचं काय करता?"

"घरी नेते की. आमालाच हुतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. तेल एकदा कढलं, पुन्हा कढलं, पुन्हा कढलं की त्याचं रूपच बदलतं. दिसायला तेल, पण शरीराला ते घातक. रक्ताच्या नळ्या आतून खराब करतं. डालड्याचंही तसंच. पण सगळी तेलं वाईट नाहीत, मावशी. शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं, थोडं थोडं पोटात गेलंच पाहिजे. आणि काकांना बिडी आहे, साखर आहे, त्यांचे वडीलही असेच गेले. एकट्या तेलाचा दोष नाही.

एवढं सगळं सांगितलं. गीताबाईनं त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. बाकीचं कानावरून गेलं. तिला एकच दिसत होतं: पुडा वर धरणारा स्वतःचा हात आणि किटली वाकडी करणारा स्वतःचा हात. लोकांच्या पोरांना कोरं आणि आपल्या माणसाला उरलेलं.

घरी आल्याबरोबर तिनं किटली मागच्या उकिरड्यावर पालथी केली. मुंग्यासुद्धा फिरकल्या नाहीत, हे तिनं तिथं उभं राहून बघितलं.

मग तिनं ठरवलं, ह्या माणसाला आता जगवायचं. घरात तेलाचा थेंब नको. तेल नको म्हणून शेंगदाणा नको, शेंगदाणा नको म्हणून तीळ नको, खोबरं नको, दुधावरची साय नको. उकडलेला दोडका, उकडलेली मेथी, वरणाचं पाणी. शेजारची गोजरबाई येऊन म्हणाली, "अगं, तूप दे त्यांला. तूप सोडलं म्हनूनच ह्ये झालं." गीताबाई म्हणाली, "तू तुझ्या म्हाताऱ्याला दे. माझ्या म्हाताऱ्याचा मी घास घास निवडते हाय."

रंगनाथ पहिले काही दिवस चेष्टा करायचा. "गीते, कालवणाचं डोळं तर गेलंच, आता कानबी गेलं. हाका मारल्या तरी चव येत न्हाई." पुढं चेष्टा थांबली. दोन घास खाऊन हात धुवायचा. अंगातली बंडी ढगळ झाली, गालफडं बसली. गाड्यावर धुराला यायचं नाही म्हणून शनिवारी घरीच असायचा, ओट्यावर, बाजाराच्या आवाजाकडं तोंड करून.

पुन्हा दाखवायला नगरला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, सगळं बंद करायला कुणी सांगितलं? यांना ताकद कुठून येणार? मूठभर शेंगदाणे द्या, जवसाची चटणी द्या, जमलं तर मासे द्या. ताज्या तेलाची फोडणी द्या, चमच्यानं मोजून. फक्त ते जळकं तेल नको."

"म्हंजी चालतंय?" गीताबाईनं विचारलं. "तेल चालतंय?"

"चालतंय, मावशी."

एसटीत ती सगळ्या वाटेनं बोलत होती. चटणी अशी करीन, फोडणी अशी देईन. रंगनाथ खिडकीला डोकं टेकून ऐकत होता. घरी आल्यावर तिनं जवस भाजले, लसूण घालून कुटले, लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल आणून चमचाभर फोडणीला घातलं. कालवणावर पिवळे, स्वच्छ डोळे आले. ती समोर बसली.

रंगनाथनं घास घेतला. "ब्येस हाय," म्हणाला. आणि मग हळूच, जसं काही स्वतःशीच, "पावन्याच्या घरी जेवल्यावानी वाटतंय."

ती हसली. होईल सवय, म्हणाली. औषधासारखं का होईना, खाल्लं पाहिजे. तो खात होता, पण खाली घातलेली मान वर करत नव्हता.

पुढच्या एका शनिवारी गाड्यावर कोथिंबीर संपली म्हणून ती भाजीच्या रांगेत पार टोकापर्यंत गेली. गिऱ्हाईक जास्त होतं, घाईत होती. तर बिभीषणच्या टेम्पोच्या आडोशाला ओळखीची ढगळ बंडी दिसली. रंगनाथ. हातात कागद, कागदात भजी.

"अहो!"

त्यानं हात मागं घेतला, शाळेतल्या पोरानं घ्यावा तसा. बिभीषण झारा टाकून पुढं आला. "वैनी, म्या न्हाई म्हनत हुतो. लई गळ घातली त्यांनी. एकच दिलंय."

"तू गप रं." ती रंगनाथकडं वळली. "भजंच खायचं हुतं तर आपल्या गाड्यावर यायचं. कोऱ्या तेलातलं एक दिलं असतं म्या. डॉक्टरनी कवातरी एक चालंल म्हनलंय."

"मागल्या बाजारी सीमा आली हुती, तिनं आनून दिलं हुतं की तुझ्या गाड्यावरचं. खाल्लं म्या."

"मग?"

"ते गिऱ्हाइकाचं लागतंय, गीते." त्यानं कागद पुढं केला. आत अर्धं भजं होतं, काळपट, तेलानं कागद भिजलेला. "ह्ये घरचं लागतंय."

बाजार तसाच ओरडत होता. मेंढरं, कांदा, मिरची, पाच रुपये, दहा रुपये. गीताबाईनं त्यातला तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. तीच चव. तिच्या चुलीची, तिच्या किटलीची, गाडा टाकल्यापासूनच्या प्रत्येक ताटातली. तिनं आयुष्यभर ह्या माणसाला जी माया वाढली, तिची चव ही अशी होती. दुसऱ्याच्या डांबरासारख्या कढईतली.

तिनं कागद घेतला, चुरगाळला. रंगनाथचा हात धरला आणि भरल्या बाजारातून, लोकांच्या देखत, त्याला घरापर्यंत नेलं. लग्न झाल्यापासून असा हात तिनं चारचौघांत कधी धरला नव्हता. गाड्यावर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. खोळंबू दे म्हणाली.

त्याला ओट्यावर बसवून ती म्हणाली, "मला जरा येळ द्या. घरची चव म्या करून दावते. तुमाला बाधनार न्हाई अशी. पर तिकडं पुन्यांदा जायचं न्हाई."

"न्हाई जानार," तो म्हणाला. "तुझ्या गळ्याशप्पत. तुझं तोंड बघवलं न्हाई मघाशी."

तिथून तिचं सुरू झालं. ताजं तेल, चमचाभरच, पण लसूण लालच्या पुढं नेऊन बघितला. कांदा निखाऱ्यावर काळा करून वाटला. मिरी भाजली. कढई लोखंडाची काढली. रोज नवं काहीतरी, आणि रोज समोर बसून विचारायचं, "आली का?"

"आली, आली. जवळ आली," तो म्हणायचा. "काष्टीच्या शिवेवर आलीय. उद्या घरात येती बघ."

तो खोटं बोलत होता, आणि तिला ते कळत होतं. पण जेवत होता. अख्खी भाकर खात होता. गालावर जरा मांस आलं. गोजरबाई म्हणालीसुद्धा, "तुझा म्हातारा सुदारला गं." तिला वाटलं, जिंकलं आपण.

ज्वारी काढणीला आली होती त्या सुमाराला, एका सकाळी, रंगनाथ ओट्यावर बसल्या बसल्या भिंतीला कलला. चहाचा कप कलंडला नाही, तसाच मांडीजवळ राहिला. बिभीषणचा टेम्पो आला, पण नगरचा रस्ता लागायच्या आधीच सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळं गणगोत आलं. सीमा आईचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, डॉक्टर मला म्हनल्या, दुसरी नळी आधीपासूनच खराब हुती. बिडी हुती, साखर हुती. तुझं काय चुकलं न्हाई."

"व्हय," गीताबाई म्हणाली. "त्या शिकल्यासवरल्या. त्या म्हनत्यात तर तसंच आसंल."

सीमाला वाटलं, आईला पटलं.

पाहुणे पांगले. सीमाही नगरला गेली. गीताबाई एकटीच चुलीपुढं बसली. हातांना सवय होती, त्यांनी लोखंडी कढई काढली, चमचाभर तेल घातलं, लसूण टाकला. तिचं ध्यान कुठं होतं कुणास ठाऊक. लसूण लाल झाला, तपकिरी झाला, पार कोळशाच्या उंबऱ्यावर गेला तेव्हा ती भानावर आली. टाकून कसं द्यायचं म्हणून वर पाणी ओतलं, मीठ घातलं, काळा मसाला घातला. उकळी आली. वाटीत घेऊन तिनं चव बघितली.

बरोब्बर आली होती. अगदी तीच.

"आली का?" असं ती मोठ्यानं म्हणून गेली, ओट्याकडं बघून.

मग तिनं भाकरी चुरली, आणि ते सगळं कालवण एकटीनं खाऊन संपवलं.