मास्टरांनी बुजवलेली बारा भोकं

मास्टरांना भोक बघवत नसे. घरी पाहुणा आला की ते आधी त्याच्या कोपराकडे बघत आणि मग तोंडाकडे. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थाच्या सदऱ्याची बाही काखेत उसवलेली दिसली, तर मास्टरांनी खिशातून सुईदोरा काढून, त्याला न विचारता, उभ्याउभ्या टाके घातले. गृहस्थ आधी खवळला, मग काख चाचपून आभार मानून गेला. चाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलेला माणूस. दुकान बंद झालं म्हणून हात थोडेच बंद होतात!

अशा माणसाच्या दारात बावीस वर्षांची निळी मोटार गंजत उभी होती आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो दाखवला चिरंजीवांनी. एका रविवारी जेवायला आले आणि निघताना त्यांनी गाडीच्या दाराच्या खालच्या कडेवर सहज अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"बाबा, हे दार नाही, बिस्किट आहे," चिरंजीव म्हणाले. "दोन आठवड्यांनी सोमवारी हिची सरकारी तपासणी आहे. पास झाली तर खुशाल ठेवा. नापास झाली तर त्याच संध्याकाळी भंगारवाला येईल. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय."

"आणि मी कशातून जाऊ?" दारातल्या खुर्चीवरून काकूंनी विचारलं. काकू म्हणजे मास्टरांची बायको.

"टॅक्सी करून देईन की."

"टॅक्सीवाला माझी गादी उंच करून देणार आहे का?"

खरी गोम इथे होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंना खाली वाकून बसता येत नव्हतं. मास्टरांनी मोटारीच्या पुढच्या सीटची गादी उसवून, आत फोम भरून ती अशी बेतली होती की काकूंनी फक्त मागे टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. दर गुरुवारी त्या धाकट्या बहिणीकडे जात. बहीण अंथरुणाला खिळलेली, ती येऊ शकत नव्हती. चिरंजीवांच्या नव्याकोऱ्या गाडीत काकू एकदाच बसल्या होत्या. त्यांना बाहेर काढायला तीन माणसं लागली, त्यांतला एक रस्त्याने जाणारा पोस्टमन होता. गाडी गेली म्हणजे गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला म्हणजे बहीण गेली, हे मास्टरांना कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांनी कंबर कसली. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणाला, "मास्टर, हे तुमचं काम नव्हे." झालं! तेवढं वाक्य पुरलं. मास्टरांनी गाडीभोवती टेप फिरवली, खडूने गंजाच्या कडेने रेघा ओढल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदावर प्रत्येक भोकाचा नमुना कापला. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, तेव्हा दोन भोकांची सात भोकं झाली. मास्टर डगमगले नाहीत. जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा त्यांनी नमुन्यावर बेतला, चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडली, ती आत दुमडली आणि ठिगळ आतल्या बाजूने लावून रिव्हेट ठोकले.

"ठिगळ बाहेरून लावतो तो टेलर नव्हे," ते वेल्डरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

वर पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग प्रायमर. रंगाच्या दुकानात ते निळ्या दोऱ्याची रीळ घेऊन गेले. दुकानदाराने गाडीचा रंग कुठला, साल कुठलं असं विचारलं, तर मास्टर म्हणाले, "हा. याच्यापेक्षा अर्धी छटा उतरलेला. बावीस वर्षं उन्हात आहे." आणि खरं सांगायचं तर रंग असा जुळला की वेल्डर दोनदा येऊन बघून गेला.

शेवटी मास्टर दारांच्या खालची कड बघायला पाठीवर झोपले. काकू खुर्चीवरच होत्या. गाडीखालून आवाज आला, "अगं, इथे अजून आहेत! प्रत्येक दाराला खालून तीन-तीन भोकं, कडेपासून चार बोटांवर पहिलं, मग वीत-वीतभरावर, तीही एका ओळीत! काय शिस्तीचा गंज आहे बघ!"

"ओळीत?" काकूंनी विचारलं. "अहो, नीट बघा जरा."

"तू तुझं काजाबटणांचं बघ," मास्टर खालून म्हणाले.

मास्टरांनी चार दारांची बारा भोकं पुट्टीने एकूण एक बुजवली, वरून रंग दिला आणि बाहेर आले ते युद्ध जिंकल्यासारखे. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी पाइप लावून गाडी तासभर धुतली.

सोमवारी दोघं निघाली. पहिल्याच वळणावर काकूंनी कान टवकारले. "कसलं तरी पाणी डुचमळतंय."

"टाकीतलं पेट्रोल असेल."

"पेट्रोल माझ्या मांडीपाशी कसं येईल?"

मास्टरांनी रेडिओ लावला.

तपासणीच्या आवारात निरीक्षक म्हणून एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, ठिगळांवर बोट फिरवलं आणि "कुणी केलं हो हे?" असं चक्क कौतुकाने विचारलं. मास्टर फुलले. मग बाईंनी मागचं दार उघडून लावलं. आत खळ्ळकन आवाज झाला. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"काका, दारात मासे पाळलेत का?"

बाई खाली वाकल्या आणि त्यांनी दाराच्या कडेखालून हात फिरवला. "काचेवरून गेलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून बनवणाऱ्यांनीच इथे भोकं ठेवलेली असतात. तुम्ही ती बंद केलीत! सहा महिन्यांत ही दारं पुन्हा कुजतील. अशी गाडी मी पास करणार नाही. आवार बंद व्हायला अर्धा तास आहे. उघडून आणलीत तर बघते."

मास्टरांचं तोंड एवढंसं झालं. डोळ्यांपुढे भंगारवाला दिसायला लागला. गाडीत ना ड्रिल, ना स्क्रू ड्रायव्हर. हत्यारं सगळी घरी धुऊनपुसून मांडून ठेवलेली.

"टोच्या घ्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत शिवणाची डबी असायचीच. "आणि झोपा खाली. मी सांगते तिथे टोचा."

"तुला तिथून काय दिसतंय?"

"दिसायला कशाला हवं? दाराच्या कडेपासून चार बोटं सोडा, तिथे पहिलं. मग वीतभर, वीतभर." काकूंचा आवाज चढला. "अहो, उंदराने कुरतडलेलं भोक कुठेही असतं, कसंही असतं. एका मापाची, एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात ती काजं! कुणीतरी मुद्दाम केलेली. चाळीस वर्षं तुमच्या दुकानातल्या सदऱ्यांची काजं मी घरी बसून केली. तुम्ही त्यातलं एक तरी कधी नीट बघितलंत?"

मास्टर पाठीवर झोपले, चार बोटं मोजली आणि टोच्या दाबला. पुट्टी फुटली आणि गार पाण्याची धार थेट त्यांच्या कॉलरमध्ये गेली. मग वीतभरावर दुसरी, मग तिसरी. बाराव्या भोकापर्यंत मास्टर नखशिखान्त भिजले होते आणि आवारातले सगळे ड्रायव्हर गोळा होऊन मनापासून बघत होते. निरीक्षकबाईंनी दार उघडलं, लावलं, कान दिला आणि कागदावर शिक्का मारला.

परतताना मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मास्टरांनी मान खाली घातली आणि आपल्याच ओल्या सदऱ्याकडे बघत राहिले. सहा काजं. एका मापाची, सारख्या अंतरावर, कडेने इतके बारीक टाके की मोजायला चष्मा लागला असता. हा सदरा ते नऊ वर्षं घालत होते. लोकांना ते नेहमी सांगत, हा मी स्वतः शिवलाय.

मागून हॉर्न वाजायला लागले.

"चांगली आहेत गं," मास्टर म्हणाले.

"काय?"

"काजं."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ झाला होता.

"दिवा कधीचा हिरवा झालाय," त्या शेवटी म्हणाल्या. "डावीकडे घ्या. ताईकडे जाऊन येऊ."

"ताई कोण? ती तर तुझी धाकटी बहीण."

"लहानपणापासून तिला ताईच म्हणतो आम्ही. तेही कधी ऐकलं नसेल तुम्ही."

"पण आज सोमवार आहे."

"असू दे," काकू म्हणाल्या, आणि मास्टरांनी गाडी डावीकडे वळवली.