बाल्बिनाबाईंची किळस

बाल्बिना हायदुकला कशाची किळस येते हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. सारी नोकरी तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. परक्यांच्या चादरी उकळता उकळता माणूस आतून काय काय असतो ते तिला पुरतं कळलं होतं. कुणाकडे चहाला गेली की ती कप मुद्दाम त्याच्या कानाजवळच्या कडेनं ओठाला लावायची, कारण तिथून दुसरं कुणी पीत नाही. गालाचा मुका घ्यायला कुणी पुढं सरकलं की तिला हटकून शिंक यायची.

म्हणून तिला हिवाळा आवडे. हिवाळ्याला वास नसतो. नारेव नदी गोठली, गोठ्यांमागचं शेण दगड झालं, की ही भाच्याचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडे आणि नाना उद्योग करी. साबणाच्या पाण्यात साखर कालवून कुंपणाच्या खांबावर फुगे सोडायचे आणि ते गोठताना त्यांच्यावर उमटणारी नक्षी टिपायची. गाईच्या खुरांच्या ठशात साचलेला बर्फ उचलून त्यातून सूर्य बघायचा. थंडीनं बॅटरी मरायची, मग ती काखेत धरून शेकायची. स्वतःच्या काखेची तेवढी तिला किळस नव्हती.

गावच्या संस्कृती भवनात छायाचित्र मंडळ भरे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले झेनोन सर ते चालवायचे. तिचे फोटो बघून ते म्हणाले, "बाल्बिनाबाई, छान आहे हो, पण सगळं मेलेलं. जीव कुठाय यात?"

मंडळी हसली. बाल्बिनाला ते झोंबलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं ती बोलून गेली, "जीव आहे की! माझ्या बागेत पाचोळ्याच्या ढिगाखाली येझ झोपलाय. पण तो वसंतापर्यंत झोपणार. त्याचा फोटो कसा काढू?"

येझ म्हणजे साळिंदराचं पिल्लू वाटावं असा मुठीएवढा काटेरी प्राणी; सारा हिवाळा झोपून काढणारा. झेनोन सरांनी ते ऐकून ठेवलं. चर्चच्या नव्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठाचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यांना चित्र सापडत नव्हतं.

नाताळ जवळ आला होता. एके दुपारी ती नदीवरून परतली तर ढीग उसकटलेला आणि सर डोळ्याला कॅमेरा लावून बर्फात पालथे पडलेले. त्यांच्यासमोर येझ उभा होता. उभा कसला, दारुड्यासारखा झुलत होता. आणि त्याच्या काट्यांत लालभडक सफरचंद टोचलेलं.

"सर! हे काय चालवलंय?"

"हळू! उजेड चाललाय."

"तो झोपला होता हो!"

"सकाळी तुम्ही नदीकडं निघालात तेव्हाच उचलला. गाडीत हीटरपुढं ठेवला थोडा वेळ, उठला की बिचारा! फोटो झाला की परत झोपेल."

"आणि ते सफरचंद?"

"अहो, येझ म्हटला की पाठीवर सफरचंद हवंच! लहानपणी पुस्तकात काय बघितलंत?"

खरं होतं ते. आमच्याकडे प्रत्येक पोराच्या पहिल्या पुस्तकात येझ पाठीवर सफरचंद घेऊन निघालेला असतो. खरा येझ ते वाहत नाही आणि त्याला ते खायचंही नसतं. तो खातो किडे आणि गोगलगाई. पण एवढं गोड चित्र खोटं आहे हे ऐकून कोण घेणार?

रक्ताच्या, पुवाच्या चादरींचीही बाल्बिनाला कधी इतकी किळस आली नव्हती. "उठा," ती म्हणाली. "उठा आणि चालते व्हा. शिसारी येते तुमची."

सर कपडे झटकत उठले. "बाई, फोटो बघाल तेव्हा आभार मानाल," म्हणाले आणि साळसूदपणे गेलेही.

तिनं येझ उचलला. अंगावर पिसवा बुजबुजत होत्या. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, "जागं होण्यात याची चरबी जळून गेली. आता झोपला तर उठायचा नाही. उबेत ठेवा, खाऊ घाला. खाल्लं तर जगेल."

झालं. लोकांच्या कपाला ओठ न लावणारी बाई न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून चमच्यानं मांजरांना घालायचं डब्यातलं मांस येझापुढं धरू लागली. घरभर आंबूस घाण सुटली. शेजारणींनी यायचं सोडलं. आधी आधी तो खायचा, चमचा चाटायचा. नाताळनंतर तोंड फिरवायला लागला. "खा रे मेल्या," ती विनवायची, "एवढं खा."

जानेवारीत फादर घरोघर आशीर्वाद द्यायला फिरतात. बाल्बिनानं टेबलावर पांढरा कपडा घातला, क्रूस, ताटलीत पवित्र पाणी आणि ते शिंपडायचा कुंचा ठेवला. फादर मरियान आले, प्रार्थना झाली. मग त्यांनी पिशवीतून नवं कॅलेंडर काढलं. मुखपृष्ठावर शुभ्र बर्फ, लाल सफरचंद, त्याखाली येझ.

"किती गोड, नाही? सगळ्या गावाला आवडलंय."

"या, फादर," बाल्बिना म्हणाली. "प्रत्यक्षच बघा." तिनं न्हाणीघराचं दार उघडलं.

फादरांनी बाहीनं नाक दाबलं. "शी शी! काय ही घाण, बाल्बिनाबाई?"

"घाण इथं नाही. तुमच्या हातात आहे." आणि काय घडलं ते तिनं एका दमात सांगितलं. फादर कानकोंडे झाले. कॅलेंडर बेसिनच्या कडेवर ठेवून त्यांनी हात मोकळे केले.

"दोन दिवस अन्नाला शिवला नाही. त्याच्यावर पाणी शिंपडा," ती म्हणाली. "तुमच्याच कॅलेंडरचा आहे."

फादरांनी टेबलावरून कुंचा पवित्र पाण्यात बुडवून आणला आणि झटकला. गार थेंब येझाच्या नाकावर, काट्यांवर पडले. अंगाला काहीही लागलं की येझ क्षणात चेंडू होतो. हा झाला नाही.

बाल्बिनानं वाकून त्याच्या गार पोटाखाली हात घातला आणि तसाच राहू दिला. फादर पुटपुटत काहीतरी म्हणाले आणि हळूच दाराकडे निघाले.

"फादर," ती मागं न बघता म्हणाली, "ते बेसिनवरचं तुमचं राहिलं. घेऊन जा."