रगत जातंय कुठं?

लय वर्सं मला समद्यांनी एकच सांगितलं, बायकांचं रगत कमीच असतंय. आमच्या कडेगावकडच्या गावात एक डाक्टर हाय, त्येनं सांगितलं. ल्योकानं सांगितलं. पाव्हनं यायचं, च्या प्यायचं आनि जाताना त्येच सांगून जायचं. जनू बाईच्या अंगात देवानं रगत निम्मंच वतलंय.

उसात भांगलाय गेलं की डोळ्याफुडं अंधारी यायची. बांधावर बसायची, पानी प्यायची, पुन्यांदा खुरपं धरायची. लयच झालं की ल्योक गाडीवर घालून डाक्टरकडं न्यायचा. डाक्टर पापनी खाली वडायचा, "पांढरीफटक पडलीया म्हातारी" म्हनायचा, सलाईन लावायचा आनि रगतवाढीच्या गोळ्या द्यायचा. सलाईन चढली की दोन दीस बरं वाटायचं. त्या दोन दिसांत मी घरची, रानातली कामं उरकायची. मंग समदी म्हनायची, डाक्टरच्या हाताला गुन हाय.

संडासला काळं व्हायचं. डाक्टर म्हनला, गोळ्यांनी व्हतंय. व्हतंय की, मी कुटं न्हाई म्हनती? पर त्या काळ्याच्या आड दुसरं काय हाय का, ते कोन बगनार? म्हातारीच्या संडासात ध्यान घालाय कुनाला पडलंय.

एक दीस चुलीफुडंच पडली. ल्योक उसाच्या तोडीचं बगाय कारखान्यावर गेला व्हता. सुनंनं मला उठीवलं, येस्टीत घातलं आनि कराडला न्हेलं. ल्योकापरास तिला अक्कल जास्त, पर ती बोलत न्हाई, म्हनून घरात शाना त्योच.

कराडला एक पोरसवदा डाक्टरीन व्हती. तिनं माझं रिपोर्ट बगितलं आनि इचारलं, "आजी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"तुमी शाळंत असशीला तवा गेली."

"मग रक्त जातंय कुठं?"

मी सुनंकडं बगितलं, सून माझ्याकडं. एवढ्या वर्सांत हे कुनी इचारलंच न्हवतं. गोळ्या देनारा इचारत न्हवता, सलाईन लावनारा इचारत न्हवता. डाक्टरीन म्हनली, खालनं दुर्बीन घालून आतडं बगाय लागंल.

घरी आल्यावर ल्योकाच्या कपाळाला आट्या.

"दुर्बीन? आनि ती खालनं? आये, ह्या वयात तसलं दाकवतीस व्हय? गाव काय म्हनंल?"

"गावाला कोन सांगनार हाय? तू?"

"मूळव्याध असंल गं. झाडपाल्याचं औशिद आनतो की."

"म्हस आजारी पडली तवा आनलंस का झाडपाल्याचं? जनावराचा डाक्टर त्याच सांजंला आनलास. त्येनं कोपरापत्तूर हात घातला, तू शेपूट धरून हुबा. तवा नाय लाज वाटली?"

"म्हस दूद देती, आये," त्यो हासत म्हनला. मंग माज्या तोंडाकडं बगितलं आनि हासू गिळलं.

सून परड्यात भांडी घासत व्हती. तिथनंच वरडली, "आत्ती, उद्या दुर्बिनीसाठी पोट साफ करायचं औशिद प्यायचंय. लुगडी काढून ठेवली हायती." ल्योक उठून भायेर गेला.

दुर्बिनीत गाठ दिसली. उजवीकडच्या आतड्यात, लिंबाएवढी. तुकडा तपासाय धाडला. कॅन्सरच निघाला. तेवढं आतडं कापून काढलं आनि उरल्यालं जोडलं. डाक्टरीन म्हनली, पसरलं न्हवतं, येळंवर आलात. दवाखान्यात ल्योक रडला. मला उसात अंधारी यायची तवा ह्येला येळ न्हवता, रडाय मातूर गावला.

मला सोडायच्या दिशी डाक्टरनीनं त्येला बोलवून सांगितलं, "आईला झालंय, म्हणजे तुम्हीपण दुर्बिणीनं तपासून घ्या. त्रास नसला तरी."

माझा पैलवान भितीला टेकला.

"मला काय बी व्हत न्हाई, म्याडम."

मी खाटंवरनं म्हनलं, "मला तरी काय व्हत व्हतं? रगत तेवढं कमी व्हतं."

पुढं त्येची लय नाटकं झाली. आज तोड हाय, उद्या पानी पाजायचंय, परवा कुनाचं तरी लगीन. शेवटी सुनंनंच नंबर लावला. औशिद प्यायच्या दिशी त्येनं फाटकाला कडी घातली, कुनी यायला नगं म्हनून. सोप्यात बसला. सून औशिदाच्या पलास्टिकच्या जगातनं गिलास भरून द्यायची, त्यो नाक धरून प्यायचा आनि संडासाकडं पळायचा.

"लय खारट हाय गं, आये."

"पी."

"वाईच ऱ्हायलं तर न्हाई का चालायचं?"

"पी म्हनलं न्हवं!"

जग निम्मा झाला तवा माझ्याकडं न बगताच बोलला, "त्या दुर्बिनीच्या टायमाला तुला भ्या वाटलं व्हतं का गं?"

"वाटलं व्हतं की. तू इचारलंस कवा?"

सुनंनं गिलास भरला, त्येनं घेतला.