गाडे बाईंचा समुद्र

तळेगाव स्टेशन भागात ‘गाडे बाई’ असं नुसतं म्हटलं, तरी चाळिशीतली माणसं अजून आपोआप ताठ उभी राहतात.

चंद्रिका गाडे म्हणजे शाळेतल्या पी.टी.च्या बाई. गळ्यात शिट्टी, साडीखाली कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानापलीकडच्या रिक्षासुद्धा थांबत. माहेर वराळ्याचं. भावांच्या मागोमाग इंद्रायणीच्या डोहात उड्या टाकत ती पोहायला शिकली. लग्न होऊन सुदुंबऱ्याच्या गाड्यांच्या घरात आली आणि नोकरीपायी नवऱ्यासोबत तळेगावात स्थिरावली. नवरा दिगंबर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. शांत, काटेकोर माणूस, पण पाण्याला जन्माचा भ्यालेला. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पडला होता. तेव्हापासून हे आंघोळीची बादलीही अर्धीच भरतात, असं चंद्रिका आल्यागेल्याला सांगायची आणि दिगंबर खाली बघून हसायचा.

कबड्डीनं तिला दोन गोष्टी दिल्या, एक ढाल आणि दोन खिळखिळे गुडघे. निवृत्तीच्या सुमारास जिना उतरताना तिला कठडा धरावा लागे. डॉक्टर म्हणाले, “बाई, चालणं कमी करा. पोहा.” आणि खरोखरच, पाण्यात उतरली की तिचं वय काठावर राहायचं. पण गावच्या पोहण्याच्या तलावावर दोन-दोन महिने ‘दुरुस्तीसाठी बंद’ची पाटी, आणि उरलेल्या दिवसांत बायकांची वेळ नेमकी भर दुपारची.

निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी विचारलं, “आता काय बाई, नातवंडं सांभाळणार?”

“नातवंडं अजून आलेली नाहीत, आणि आली तर त्यांना आईबाप आहेत,” ती म्हणाली. “मी समुद्राकाठी राहायला जाणार आहे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, अलिबागला फ्लॅट घेतला असेल.

कोकण त्यांनी बघितलं नाही असं नाही. चांगले दोन महिने भाड्यानं घर घेऊन राहिले. मासळी उत्तम, माणसं जिवाला जीव देणारी. पण पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला, आणि उरलेल्या दिवसांत साठीची बाई पोहायचे कपडे घालून पाण्यात निघाली की किनाऱ्यावर जत्रा जमायची. एकानं तर मोबाइलवर चित्रण केलं. चंद्रिकानं त्याला अशी काही शिट्टी मारली की हातातला मोबाइल वाळूत पडला. पण रोज कोण शिट्ट्या मारत बसणार?

“मग काय, परदेशात जायचं?” दिगंबर चेष्टेनं म्हणाला.

चंद्रिका पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. “का नाही?” ती म्हणाली.

दिगंबरनं पुढचं वाक्य गिळलं, पण उशीर झाला होता.

सुदुंबऱ्याच्या जमिनीचा वाटा एका कारखान्याच्या शेडसाठी विकला गेला होता, त्यामुळे पैशाची ओढाताण नव्हती. चंद्रिकानं ठरवलं, आधी राहून बघायचं. मुलगी बघायला गेल्यासारखं पोहे खाऊन परत यायचं नाही, महिनाभर संसार मांडून बघायचा.

पहिला नंबर पोर्तुगालचा. गाव देखणं, पांढरी घरं, निळी दारं. पहिल्याच सकाळी ती ऐटीत पाण्यात शिरली आणि कंबरेपर्यंत जाऊन तशीच उलटी फिरली. “अहो, हा समुद्र नाही,” ती दात वाजवत म्हणाली, “ही पौषातली आपली इंद्रायणी आहे!” महिनाभर तिनं किनाऱ्यावर शाल पांघरून चहा प्यायला. गुडघ्यांनी तर असहकारच पुकारला.

दुसरा नंबर व्हिएतनामचा. पाणी कोमट, माणसं गोड, भाज्या ताज्या. पण भाजीवाली किंमत सांगायची, चंद्रिका घासाघीस करायची, आणि भाजीवाली नुसती हसायची. पंधरा दिवसांनी चंद्रिका चिडून खाटेवर बसली. “इथं मला कुणाशी भांडताच येत नाही हो! नुसतं हसून किती दिवस जगायचं? भांडण झाल्याशिवाय ओळख होत नाही माणसाची.”

दिगंबरला तिथली कॉफी आवडली होती. पण तो मनात म्हणाला, आता ही थकेल आणि घरी चल म्हणेल.

ती थकली नाही. त्यातून मॉरिशसचा नंबर लागला. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर एक जुनं छोटं गाव आहे, माहेबूर. नाव ऐकताच दिगंबर म्हणाला, “नावातच अर्धं माहेर आहे तुझं. संपलं, आता मला कोण विचारतो!”

सोमवारी तिथं बाजार भरतो. चंद्रिका पिशवी घेऊन गेली आणि वांग्यांच्या ढिगापुढे उभी राहिली. वांगी जून होती. तिनं एक उचललं, दाबलं, नाक मुरडलं. ढिगामागची ठेंगणी बाई तिथल्या क्रिओल भाषेत फणकारली. चंद्रिका मराठीत फणकारली. बाई आणखी मोठ्यानं बोलली. चंद्रिकाही मागे हटली नाही. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण भांडण अगदी सुरळीत चाललं होतं. शेवटी त्या बाईनं टोपलीच्या तळातून कोवळी वांगी काढून पिशवीत टाकली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि चंद्रिकाच्या दंडावर एक चापट मारली. तिचं नाव मारी-लुईझ. पुढच्या सोमवारी तिनं हाक मारून बोलावलं.

दिगंबरची गोष्ट वेगळी होती. त्याला दालपुरी सापडली होती. हातगाडीवर मिळणारी, डाळ भरलेली मऊ पोळी, वर घेवड्याची रस्सा भाजी. “ही आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण,” असं म्हणत तो रोज सकाळी गाडीवर हजर. गावात पूर्वी कोकणातून आलेल्या मराठी कुटुंबांतले एक गृहस्थही भेटले. त्यांना मराठी बोलणं जड जायचं, पण गणपतीची आरती तोंडपाठ होती. दिगंबरनं त्यांच्याबरोबर पूर्ण आरती म्हटली, तीही रस्त्यात उभं राहून. तरीपण ‘इथं राहायचं’ हे शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात.

गावापासून बसनं थोडं गेलं की एक आखात आहे. समुद्रात दूरवर प्रवाळाची भिंत. लाटा तिथंच फुटतात आणि आतलं पाणी परातीतल्या पाण्यासारखं शांत. तळाची वाळू दिसते. सत्तरीच्या आज्या टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत असतात आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. चंद्रिका रोज तिथं पोहायची आणि दिगंबर झाडाखाली तिची चप्पल सांभाळत बसायचा.

एके दिवशी ती पाण्यातून बाहेर आली ती सरळ त्याच्यापुढे. “उठा.”

“मी? छे.”

“मी आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवली. घरातला एक विद्यार्थी तेवढा नापास राहिलाय. उठा म्हणते ना.”

हा आवाज तळेगावच्या मैदानावरचा होता. दिगंबर उठला. गुडघाभर पाण्यात तो परत फिरायला बघू लागला. कंबरभर पाण्यात त्यानं तिचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती मात्र आता ओरडत नव्हती. अगदी हळू बोलत होती. “माझ्या हातावर पाठ टाका. मान सैल सोडा. आभाळाकडं बघा. मी आहे.”

त्यानं पाठ टाकली. कानांत पाणी गेलं आणि जगाचा आवाज बंद झाला. वर निळं आभाळ, पाठीखाली बायकोचे दोन तळवे. त्याला विहिरीतला काळोख आठवला, वरून आलेल्या हाका आठवल्या, आणि मग हळूहळू काहीच आठवेनासं झालं. बऱ्याच वेळानं मान वळवून बघतो तर चंद्रिका चांगली हातभर लांब उभी. दोन्ही हात कंबरेवर. ती हसत होती आणि रडतही होती.

“कधी सोडलंस?” त्यानं घाबरून विचारलं.

“मगाशीच.”

तो धडपडला, पाणी प्यायला, उभा राहिला, खोकला. डोळे चोळत म्हणाला, “चंद्रिका, इथंच राहायचं.”

आता प्रश्न घरच्यांचा होता. मुलगा विहंग आणि सून वल्लरी लोणावळ्यात राहत. तिथल्याच तुंगार्लीला त्यांचं छोटं होमस्टे, शनिवार-रविवारी गच्च भरलेलं. परत आल्यावर चंद्रिकानं तिथं जाऊन बातमी सांगितली तेव्हा विहंग पाहुण्यांच्या चादरी घड्या करत होता. हातातली चादर तशीच राहिली.

“आई, लोकांची मुलं परदेशात जातात आणि आईबाप इथं राहतात. आपल्याकडं उलटं? लोक म्हणतील, पोरानं म्हाताऱ्यांना देशाबाहेर काढलं!”

“लोक काय म्हणतील ते लोक म्हणतील. तुला काय म्हणायचंय ते सांग.”

विहंग चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, “मला तुझी आठवण येईल, एवढंच म्हणायचंय.”

चंद्रिकानं त्याच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी घातली. वल्लरी दारात उभी होती. ती म्हणाली, “आई, तुम्ही जा. आम्ही दर वर्षी येऊ. माणसं आमच्याकडे सुट्टीला येतात, आम्हाला कुठं जायला नको का?” तेव्हा कुठं सगळे हसले.

शेजारच्या सोमाटण्यापर्यंत बोभाटा व्हायचा तो झालाच. काही जण तर सांत्वनाला आले. एका शेजारणीनं चंद्रिकाचा हात हातात घेऊन विचारलं, “सुनेशी पटत नाही का हो?” चंद्रिकानं तिला दालपुरीची कृती सांगितली.

सगळ्यांत अवघड भेट होती सुदुंबऱ्याची. दिगंबरची आत्या बयाबाई, नव्वदीला टेकलेली, ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हातारपणी लोकं गावाकडं येत्यात. तुमी बेटावर चाललाय. तितं आपलं कोन हाय?”

“कोणी नाही, आत्याबाई. करावं लागेल.”

“आन् दिगू? त्यो तर पाण्याला भितो.”

“आता पोहतात,” चंद्रिका म्हणाली.

बयाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “हिरीत पडलेला त्यो? म्या सोता वर वढलं व्हतं त्याला, पदराला बांधून. लय दिस झोपंत वरडायचा.” तिनं दिगंबरला जवळ ओढलं, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. “खरंच पवतूस व्हय रं? मग जावा. ज्या पाण्यात भीती जाती, तितंच ऱ्हावावं मानसानं.”

निघायच्या दिवशी तळेगावच्या फ्लॅटमध्ये मांडवासारखी गर्दी. वल्लरीनं दोघांच्या हातावर दही घातलं. जुने विद्यार्थी आले, त्यातला निलेश आता स्वतः पोलीस असूनही बाईंसमोर सावधानमध्ये उभा राहिला. गाडी निघताना विहंग असा हुंदके देऊन रडला की कुणीतरी मागून म्हणालं, “अरे, ही तर पाठवणी झाली!” रडता रडता विहंगच हसायला लागला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. माहेबूरला त्यांचं घर लहान आहे, वर पत्रा, पुढं आंब्याचं झाड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसते. वादळाच्या दिवसांत खिडक्यांना फळ्या ठोकायला दिगंबर शिकला. टूलरूमचा हात, शेजारच्यांच्याही ठोकून देतो. चंद्रिकाच्या लक्षात आलं की समुद्राकाठी जन्म काढलेल्या कितीतरी बायकांना पोहता येत नाही. मारी-लुईझलाही येत नव्हतं. आता दर शनिवारी आखातात बाईंचा वर्ग भरतो. सूचना मराठी आणि मोडक्या क्रिओलमध्ये मिसळून येतात, आणि पाण्यातल्या सगळ्या बायका एका सुरात “पाय हलवा!” म्हणतात.

मार्चमध्ये लोणावळ्याचा धंदा थंडावतो, तेव्हा विहंग आणि वल्लरी आले. बरोबर एक बातमीही आणली. वल्लरीला दिवस गेले होते. चंद्रिकानं त्या दिवशी आख्ख्या गल्लीला शिरा वाटला.

त्याच संध्याकाळी विहंगनं सुदुंबऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. बयाबाईला बातमी सांगून झाली, तिनं सगळ्यांची दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग म्हणाली, “आता त्यो समुद्र दाव मला.”

चंद्रिका मोबाइल उंच धरून पाण्यात शिरली. गुडघाभर, मग कंबरभर. मागे दिगंबर, हात पसरून संथपणे पाठीवर तरंगत.

बयाबाई बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली. “लय पाणी हाय गं! टँकर लागत नसंल तुमाला.”

“आत्याबाई, खारं आहे हे.”

“खारं?” म्हातारीचा चेहरा पडला. “आगं मग काय उपेग त्याचा!”

चंद्रिका इतकी हसली की तोल जाऊन मोबाइलसकट पाण्यात बसली.