माशी, आज नको गं

फवारणीच्या दिवशी काका पेट्यांसमोर हात जोडून म्हणत, "माशी, आज नको गं."

हे मराठी त्यांना मीच शिकवलं. मी न्यू टाउनच्या इमारतींत मराठी घरांचा स्वयंपाक करते. इमारती संपतात तिथे थोडी शेतं उरली आहेत. तिथेच माझी खोली, आणि शेजारी काकांच्या मधमाश्यांच्या चार पेट्या. इथे बंगालीत स्वयंपाकाच्या बाईला 'माशी' म्हणतात, म्हणजे मावशी. काकांनी पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मला रागच आला. आमच्यात माशी म्हणजे काय, ते मी सांगितलं. मधमाशीही सांगितली. हसता हसता त्यांना ठसका लागला. "म्हणजे पेटीत सगळ्या माझ्या मावश्याच!" तेव्हापासून त्याही माशी झाल्या.

मोहरीवर कीटकनाशक फवारायच्या आधी शेतवाला काकांना सांगे. काका त्याला कधी नको म्हणाले नाहीत. "त्यालाही पोट आहे." मग आम्ही दोघं गोणपाटाचे तुकडे माश्या पळवणाऱ्या उग्र औषधात बुडवून मोहरीच्या बांधावर टांगत असू. तुम्हीसुद्धा नाक धरून पळाला असतात. वास असेपर्यंत माश्या फुलांकडे फिरकत नसत. माझ्या साडीला तो वास लागे, कामावरच्या बाई खिडक्या उघडत. काका म्हणत, "सांग त्यांना, अत्तर आहे."

या थंडीत काका दवाखान्यात होते. एका सकाळी मी त्यांच्यासाठी पेज डब्यात भरत होते, तेवढ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाबा बोलछेन, आज माशी जेनो ना जाय." बाबा म्हणताहेत, आज माशीने जाऊ नये, एवढंच. मला वाटलं, मीच. माझा कंटाळा आला असेल. का, असं विचारायचा धीर झाला नाही. डबा तसाच ठेवून मी कामाला गेले.

दुपारी परतले तर पेट्यांसमोर माश्यांचा सडा. काही अजून पाय हलवत होत्या. शेतवाल्याने फवारणीचं काकांना फोनवर कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं.  काका म्हणाले, "चूक माझी. दोघींना एकच नाव ठेवलं." आणि विचारलं, "पेज आणलीस?"

आणली नव्हती. त्याच आठवड्यात ते गेले.

आता शेतवाला मला सांगून जातो. पेट्या रिकाम्या आहेत, तरी मी गोणपाट बुडवते, बांधावर टांगते. साडीला वास लागतो. बाई खिडक्या उघडतात.

अत्तर आहे, असं मला सांगता येत नाही.